‘असून’ची बातमी आणि कानाची बातमी

छापील बातमी मोठ्यानं वाचली की रेडिओची बातमी झाली, असं अनेकांना वाटतं. समजा, पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उघडले. वर्तमानपत्रात ते साधारण असं येईल:

‘१०५.२५ टीएमसी साठवण क्षमतेच्या कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात संततधार सुरू असल्याने पाणीपातळी नियंत्रित ठेवण्यासाठी सोमवारी सकाळी सहा वक्री दरवाजे उचलून नदीपात्रात विसर्ग सुरू करण्यात आला असून, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’

यातला ‘असून’ पाहा. आपल्या छापील बातमीचा हा जुना सोबती. त्याच्या आधारानं कारण, आकडा, कृती आणि इशारा एका वाक्यात मावतात. जागा वाचते, वाचणारा अडलाच तर पुन्हा वरची ओळ बघतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यात मराठीचं क्रियापद शेवटी. इशारा कानावर पडेपर्यंत अख्खा परिच्छेद ऐकायचा! नदीकाठी राहणाऱ्या माणसाला इतकं ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

आकाशवाणीसाठी तीच बातमी अशी लिहावी:

‘कोयना धरणाचे सहाही दरवाजे आज सकाळी उघडले आहेत. नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, असं प्रशासनानं कळवलं आहे. पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर कायम आहे.’

‘विसर्ग’ गेला, ‘वक्री’ गेलं, टीएमसीचा आकडाही गेला. ‘सोमवारी’चं ‘आज’ झालं. इशारा दुसऱ्याच वाक्यात आला. टीव्हीवर तर पाणी दिसतंच. तिथं निवेदकानं पाण्याचं वर्णन करत बसण्यापेक्षा गावांची नावं सांगावीत.

रचनाही वेगळी. छापील बातमीत महत्त्वाचं वर आणि तपशील खाली, म्हणून जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. बातमीपत्रात वेळ संपत आला की अख्खी बातमीच गळते. ठळक बातम्या शेवटी पुन्हा सांगतात, कारण कुणीतरी मधूनच रेडिओ लावलेला असतो.

काही शब्द तर कानाला चालतच नाहीत. ‘वरीलप्रमाणे’ म्हणजे कुठे वर? ‘अनुक्रमे’ तसाच: तीन खेळाडूंची नावं आणि मागून ‘अनुक्रमे’ तीन पदकं आली, की जोड्या लावेपर्यंत पुढची बातमी सुरू. अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत, म्हणून मंत्र्यांचं विधान वाचताना ‘असं ते म्हणाले’ हे सांगावंच लागतं. नाहीतर ते मत निवेदकाचंच वाटतं.