मालकीसाखळी (जुन्या घराची)

गावठाणातील जुने घर किंवा वाडा पहिल्या ज्ञात धारकापासून आजच्या धारकापर्यंत कोणकोणत्या व्यवहारांनी आला, हे दाखवणारी कागदांची क्रमवार जुळणी. महाराष्ट्रात ती आजपासून मागे शोधत जातात : मिळकत पत्रिका (घरजागेच्या धारकाची सरकारी नोंद), फेरफार (धारक बदलल्याच्या नोंदी), दुय्यम निबंधकाकडील सूची क्र. २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) आणि शेवटी घरातले दप्तर.

मिळकत पत्रिका नगर भूमापनाच्या चौकशीतून तयार होते (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १२६). त्यामुळे तिच्यावरील ‘हक्काचा मूळ धारक’ म्हणजे वाडा बांधणारा नव्हे, तर चौकशीच्या वेळी ज्याचे नाव लागले तो. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असल्यास ती मिळकत एकट्याची समजू नये. खरेदीदार फसतात ते बहुधा येथेच. घरपट्टीचा उतारा (ग्रामपंचायतीत नमुना ८) करवसुलीपुरता असतो. तो मालकी सिद्ध करत नाही.

त्यामागचे कागद बहुतेक मोडी लिपीत असतात आणि त्यांवर सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतील जुनी कालगणना) असतो. तो अरबी शब्दांत, एकंपासून चढत लिहितात : ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे १ + ७० + १०० + १००० = ११७१. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने मृग ते डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढे ६०० मिळवून इसवी सन काढावा, येथे १७७०-७१. हा सन बहुधा चौदाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला असावा. फसली सनाला (महसुली कामाची दुसरी जुनी कालगणना) साधारण ५९० मिळवतात. दोहोंची गल्लत झाली की नातवाचे खरेदीखत आजोबाच्या वाटणीपत्राआधीचे ठरते.

घराची ओळख चतुःसीमेवरून पटते. पण सीमा शेजाऱ्यांच्या नावांनी दिलेल्या असतात (‘पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस बोळ’), म्हणून शेजारच्या दोन घरांची साखळीही लावावी लागते. घराचे माप खणांत देत. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर. ते घरोघरी बदलते, त्यामुळे खणांचे चौरस मीटर करून पत्रिकेशी पडताळणे व्यर्थ होय. बोळ, विहीर व सामाईक भिंत यांचे हक्क खतात असूनही पत्रिकेत उतरलेले नसतात.

सर्वांत वादाचा कागद मुदतखरेदीचा. ठरल्या मुदतीत रक्कम परत केल्यास घर सोडवता येईल, अशी अट असलेली ही विक्री काहींच्या मते खरी खरेदी, तर काहींच्या मते रूप बदललेले गहाण. किंमत फार कमी असेल आणि वहिवाट मूळ मालकाकडेच राहिली असेल, तर गहाण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १९२९ च्या दुरुस्तीनंतर परतीची अट विक्रीच्याच दस्तात नसेल, तर व्यवहार गहाण ठरत नाही. गहाण सोडवण्याची मुदत पूर्वी ६० वर्षे होती. १९६३ च्या मुदत अधिनियमाने ती ३० वर्षे झाली.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार १०० रुपये व त्यावरील किमतीच्या घराच्या विक्रीस नोंदणी आवश्यक असल्याने ९९ रुपयांची बिननोंदणी खतेही सापडतात. त्यांत ताबा दिल्याचा पुरावा निर्णायक असतो.

तोंडी वाटण्यांचा माग मात्र नंतरच्या फेरफारातील जबाबांपलीकडे क्वचितच लागतो.