तालमीतली गोष्ट आणि प्रयोगातली गोष्ट

मागच्या दिवाळीत मिरजेचा मावसभाऊ सांगलीला आमच्याकडे आला होता. जेवणं झाल्यावर ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेमचा विषय निघाला. तो म्हणाला, “ती स्वप्नातली बाई मला पहिल्यापासून पटली नाही बघ. नुसती भुलवत होती.” मी म्हटलं, “कुठली बाई? स्वप्नात चिलखत घातलेला रक्षक येतो, तो उलट आपल्याला वाचवतो.” तासभर वाद झाला. शेवटी उलगडा झाला तो असा, की त्याने गेम २०२१ मध्ये, अपुरा असतानाच विकायला ठेवतात त्या अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये खेळला होता आणि मी २०२३ च्या रिलीजनंतर. दोघांचंही खरं होतं.

अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे पूर्ण गेमचा पहिला तुकडा, असं बरेचजण धरून चालतात. डेमोच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं असतं. रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे आपण एक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो त्या गेमच्या, अर्ली अ‍ॅक्सेसला मात्र आपल्या सांगलीच्या भाषेत तालीम म्हणावं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच उभं केलं, त्यामुळे तालीम आणि प्रयोग यांतला फरक या गावाला समजावून सांगायला नको. तालमीत संहिता बदलते, एखादं पात्र गळतं, एखाद्याची वाक्यं वाढतात. फरक एवढाच, की इथे प्रेक्षक तिकीट काढून तालमीला बसतो आणि त्याला काय आवडलं ते पाहून संहिता हलते.

‘बाल्डर्स गेट ३’ची तालीम ६ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली आणि पीसीवर प्रयोग लागला ३ ऑगस्ट २०२३ ला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने तालमीत फक्त पहिला अंक दिला होता, तोही पुरता नाही. त्या अंकात आपलं पात्र बनवून झालं, की तुम्ही स्वप्नात कोणाला बघता ते विचारायचे आणि तो चेहराही आपणच घडवायचा. डोक्यात शिरलेल्या अळीची शक्ती वापरली, की ती व्यक्ती स्वप्नात यायची, गोड बोलायची, आणखी शक्ती वापर म्हणायची. सगळा मामला मोहाचा. रिलीजमध्ये त्याच जागी ‘तुमचा रक्षक कोण’ असा प्रश्न आला. चेहरा अजूनही आपणच घडवतो, पण शक्ती वापरा किंवा नका वापरू, रक्षक येतोच. (त्याचं खरं रूप इथे सांगत नाही, ज्याचं त्याने शोधावं.) मला हा बदल मोलाचा वाटतो. आधी अळीपासून चार हात लांब राहणाऱ्या सावध खेळाडूला गोष्टीचा मुख्य धागाच दिसायचा नाही.

गेममध्ये आपल्यासोबत फिरणाऱ्या विलचं तर पात्रच नव्याने लिहिलं गेलं. तालमीत त्याच्या मनात गॉब्लिनांविषयी जुना सूड होता. रिलीजमध्ये तो कार्लॅक या दुसऱ्या पात्राच्या मागावर असतो, आणि त्याचा आवाजही दुसऱ्या नटाने दिला आहे. कार्लॅक आणि हॅल्सिन तालमीत होते, पण सोबती म्हणून बरोबर घेता येत नव्हते. पूर्ण गेममध्ये दोघंही सोबती झाले.

सगळीकडे असंच घडतं असंही नाही. ‘हेडीज’ हा दुसरा गेम डिसेंबर २०१८ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, १७ सप्टेंबर २०२० ला पूर्ण झाला. तिथे गोष्ट खोडून लिहिली नाही, वाढवत नेली. खरा शेवट तेवढा १.० साठी, म्हणजे पूर्ण गेमसाठी, राखून ठेवला होता. नायक झॅग्रियस आणि त्याचा बाप यांच्यातलं भांडण आधीही तेच होतं, नंतरही तेच.

मग घेण्याआधी ओळखायचं कसं? मी सेव्ह फाइलचं, म्हणजे आपण कुठवर खेळलो ते साठवलेल्या फाइलचं, काय होणार ते बघतो. ‘हेडीज’ची सेव्ह पूर्ण गेममध्ये पुढे चालली. ‘बाल्डर्स गेट ३’ची चालली नाही, लॅरियनने तसं आधीच सांगितलं होतं. सेव्ह पुढे नेणार असतील तर गोष्टीत भर पडण्याचा संभव जास्त. नाहीतर पाया उकरायची मोकळीक त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे असं समजावं. ज्यांना गोष्टीसाठीच खेळायचं आहे त्यांनी अशा वेळी थांबावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदा खेळताना जी ओढ लागते ती एकदाच लागते, आणि ती खर्ड्यावर खर्च झालेली बघून वाईट वाटतं.

रिलीज झाल्यावरही हात फिरतोच म्हणा. लॅरियनच्याच आधीच्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’चा उत्तरार्ध २०१८ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये बराच बदलला, आणि ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये शेवटानंतरची सोबत्यांची मेजवानी नोव्हेंबर २०२३ च्या पॅचने आली. पण ही लागलेल्या प्रयोगातली दुरुस्ती. तिच्यामुळे विलचा भूतकाळ बदलत नाही.

मावसभावाने भाऊबीजेच्या रात्री माझ्याच लॅपटॉपवर गेम नव्याने सुरू केला. आपलं पात्र झटपट बनवलं, रक्षकाच्या पडद्यावर मात्र बराच वेळ थांबला. मग आठवून आठवून त्याने तोच जुना चेहरा पुन्हा घडवायला घेतला. तेच पांढरे केस, गालावरचा तोच व्रण. “बघू,” म्हणाला, “आता ही काय सांगते.”