पिन छाटली की कुठलंही औजार बसतं, हे चूक आहे

जुन्या ट्रॅक्टरला नवीन मोठा पल्टी नांगर किंवा रोटाव्हेटर बसत नसेल तर औजाराची पिन लेथवर बारीक करून घे, झालं काम, असं गावोगाव सांगतात. अजिबात करू नका.

ट्रॅक्टरला औजार जोडायच्या मापाचे प्रकार असतात, त्यांना कॅटेगरी म्हणतात. लहान मापाच्या कॅटेगरी १ ला खालच्या लिंकची (ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दोन दांड्यांत बसणारी) पिन 22 एमएम, मोठ्या मापाच्या कॅटेगरी २ ला 28. आता 28 ची 22 केली तर वाटतं 6 एमएमच गेले, पण पिनची वाकण्याला टिकायची ताकद व्यासाच्या घनावर असते म्हणजे ती निम्म्याच्याही खाली येते, त्यात लेथवर पायरी पडते तिथे कोपरा टोकदार राहिला की तडा तिथूनच जातो.

बुश (बारीक पिनवर चढवायची नळी) चालतो, पण उलट्या बाजूला, म्हणजे औजार लहान आणि ट्रॅक्टर मोठा असेल तेव्हा. इथे औजार मोठं आहे, म्हणून लिंकचा बॉलच (पिन ज्याच्या भोकात बसते तो गोळा) बदलावा लागतो.

आणि बॉल बदलून ट्रॅक्टरची उचल वाढत नाही हो! औजाराचं वजन आधी बघा, उचलल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग लागेना तर पुढे वजन टाका. रोटाव्हेटर असेल तर पीटीओ शाफ्टची (ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याची) लांबी औजार पूर्ण वर आणि पूर्ण खाली घेऊन, इंजिन बंद ठेवून तपासा.