जपानी अक्षरमालेतला पुसलेला 'प'

जपानी मुलं शाळेत आधी आ, इ, उ, ए, ओ म्हणतात. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. 'का'च्या ओळीत का, कि, कु, के, को. कानाला ही आपली बाराखडीच वाटते, आणि हा योगायोग नाही.

अक्षरं मात्र चिनी घराण्यातली. जपान्यांकडे स्वतःची लिपी नव्हती. चिनी चित्राक्षरं आली, पण चिनीत क्रियापदं चालवावी लागत नाहीत. जपानीत प्रत्ययांशिवाय पान हलत नाही. म्हणून आठव्या शतकात चित्राक्षराचा अर्थ सोडून नुसता उच्चार उसना घ्यायची सर्रास पद्धत पडली. 'भर घालणे' या अर्थाचं एक अक्षर 'का' म्हणून वापरलं जाई. त्याच्या डावीकडे 'बळ'चं चिन्ह, उजवीकडे 'तोंडा'चा चौकोन. पोथ्यांच्या ओळींमध्ये टिपा लिहिणाऱ्या भिक्षूंनी चौकोन गाळून डावा भाग ठेवला, तो काताकाना या लिपीतला 'का'. तेच अख्खं अक्षर भरभर गिरवलं की चौकोनाची एक छोटी रेघ उरते, तो हिरागाना या दुसऱ्या लिपीतला 'का'. हिरागानाला 'बायकी हात' म्हणत. 935च्या सुमारास कि नो त्सुरायुकी या दरबारी कवीने प्रवासाची रोजनिशी लिहिली ती बाई लिहिते आहे असं भासवून, याच लिपीत. एकेका उच्चाराला अनेक चिन्हं चालत. 1900 मध्ये शाळांसाठी एकेकच ठरलं. आज मूळ चिन्हं 46.

क्रम आला तो बौद्ध मंत्रांसोबत. मंत्र सिद्धम् या ब्राह्मीच्या वंशातल्या लिपीत असत, आणि ते शिकणाऱ्या भिक्षूंना संस्कृत वर्णमाला पाठ असे: आधी कंठ, शेवटी ओठ. पण मग 'ना' आणि 'मा'च्या मध्ये 'हा' कसा घुसला? आपल्याकडे तिथे 'प' असतो.

तिथेही 'प'च होता! पुढे ओठ सैलावत गेले, 'प'चा 'फ' झाला नि 'फ'चा 'ह'. खुणा मात्र राहिल्या. 'का'वर दोन बारीक रेघा दिल्या की 'गा', 'ता'वर दिल्या की 'दा', आणि 'हा'वर दिल्या की चक्क 'बा'. 'ह'चा 'ब' कुठल्याच मुखात होत नाही, 'प'चा होतो. याच ओळीत हा, हि यांच्यानंतर आजही 'हु' नाही, 'फु' येतो. आणि जपानी माणूस आपल्या देशाला कधी निहोन म्हणतो, कधी निप्पोन.