बकरम की पेस्टिंग? कापडी पेटी कशाच्या जिवावर उभी राहते

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी कापडी पेट्या शिवल्या. बांगड्या, टिकल्यांची पाकिटं, सुईदोरा, गोळ्यांच्या पट्ट्या असलं घरभर लोळणारं सामान टाकायला वीतभर लांबीची, बिनझाकणाची पेटी. बाहेरून खण, आतून अस्तर, मध्ये ताठपणासाठी बकरम. जानेवारीच्या कोरड्या हवेत त्या इतक्या ताठ होत्या की टेबलावर ठेवताना टक्क आवाज यायचा. रथसप्तमीपर्यंत सगळ्या वाटून झाल्या.

जुलैत मावशीचा फोन आला. ती खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. "अगं, तुझी पेटी बसली की खाली! सादळलेल्या पापडासारखी झालीय. आणि वास मारतोय तो वेगळाच."

त्याच खेपेतली एक पेटी अथणीला नणंदेकडे आहे. ती अजून तशीच ताठ. कापड तेच, दोरा तोच, बकरम एकाच ताग्यातलं. फरक फक्त हवेचा. आपल्या बेळगाव जिल्ह्याची गंमतच आहे: पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीत जूनपासून भिंतींना ओल सुटते, आणि पूर्वेला अथणीकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. एकाच जिल्ह्यात दोन पावसाळे. पेटीला ते कळलं, मला शिवताना कळलं नव्हतं.

खरं तर चूक दुकानातच झाली होती. मी "पेटी ताठ राहील असं काहीतरी द्या" म्हटलं, त्यांनी बकरम दिलं. पुढच्या वेळी मी शहाण्यासारखं "बकरम द्या" म्हटलं, तर दुसऱ्या दुकानात पेस्टिंग मिळालं. विचारलं तर उत्तर आलं, "अक्का, दोन्ही एकच की ओ. ताठ करायचंच काम."

काम एक असेल, पण वस्तू दोन आहेत आणि त्यांच्या ताठपणाचं कारणही वेगळं आहे.

बकरम म्हणजे विरळ, जाळीसारख्या विणीचं, बहुधा सुती कापड, खळीत म्हणजे कांजीत बुडवून वाळवलेलं. घरात कोणी खादीची पांढरी टोपी घालत असेल तर हे लगेच समजेल. कांजी केलेली टोपी सकाळी कशी धारदार दिसते, आणि पावसात एकदा भिजली की कानावर लोळते. टोपीचं कापड बदललेलं नसतं, कांजी गेलेली असते. बकरमचा ताठपणा असाच उसना. शिवाय कांजी म्हणजे शेवटी पिठाचंच पाणी. कसर, झुरळं, बुरशी यांना ते खाद्य. मावशीच्या पेटीला येणारा वास त्याचा होता. जाड ग्रंथांच्या बांधणीला पूर्वापार बकरम वापरतात, आणि जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर कसर का धरते याचं एक कारण खळच असते.

पेस्टिंगमध्ये खळ नसते. पातळ विणलेलं कापड, किंवा कागदासारखं दिसणारं न विणलेलं कापड, आणि त्याच्या एका बाजूला चिकट रसायनाचे बारीक ठिपके. इस्त्रीच्या उष्णतेने ते वितळतात, समोरच्या कापडाच्या धाग्यांत शिरतात आणि थंड झाले की तिथेच घट्ट बसतात. इथे ताठपणा दोन थर एकजीव झाल्यामुळे येतो. पाण्याने ते ठिपके विरघळत नाहीत, म्हणून शर्टाची कॉलर शंभर वेळा धुतली तरी उभी राहते. दमट हवेत पेस्टिंग केलेली पेटी फार तर गार लागेल, बसणार नाही.

मग सरळ पेस्टिंगच वापरावं ना? तसंही नाही. ब्लाउजच्या गळ्याला लावतात ते साधं पेस्टिंग पेटीला पुरत नाही. 12 सें.मी. उंचीची भिंत त्याने उभी राहते खरी, पण आत काही टाकलं की पोट सुटल्यासारखी बाहेर झुकते. बकरम पेटीला हाडं देतं; पेस्टिंग कातडी घट्ट करतं. बकरमची पेटी रिकामीही आकार धरते. पेस्टिंगची पेटी कापड जाड असेल तरच धरते, नाहीतर पेस्टिंगचे दोन थर द्यावे लागतात.

आता नावांचा घोळ. ब्लाउज शिवणाऱ्या बायका गळ्याच्या पेस्टिंगला "कॅनव्हास" म्हणतात. पिशव्या शिवणारे ज्याला कॅनव्हास म्हणतात ते मात्र जाडजूड सुती कापड, त्याला खळही नाही आणि ठिपकेही नाहीत. त्यात भर म्हणून "पेस्टिंग बकरम" नावाचा तिसरा प्राणी आहे: बकरमच, पण एका बाजूला चिकट ठिपके लावलेलं. कॉलरवाले ते वापरतात. म्हणून दुकानात नावावर विसंबू नका, बोटांवर विसंबा.

तुकडा उजेडाकडे तिरपा धरा. एका बाजूला साखरेसारखी चमक दिसली आणि बोटाला खरखर लागली, तर ती इस्त्रीची बाजू, म्हणजे पेस्टिंग. जाळी आरपार दिसते, वाजवलं तर कागदासारखं खडखडतं, दुमडलं तर पांढरी घडी उमटून राहते, तर बकरम. शंका उरलीच तर नखाएवढा तुकडा घरी आणून पाण्यात टाका. खळीचं बकरम थोड्याच वेळात लुळं पडतं आणि बोटं बुळबुळीत होतात. खळीऐवजी रसायन दिलेलं बकरमही मिळतं. ते पाण्यात टिकतं आणि महागही असतं. तसलं मिळालं तर अर्धी भांडणं मिटली.

ही निवड नुसती पावसावर ठरत नाही, बाहेरचं कापड कोणतं त्यावरही ठरते. आपल्याकडे भेटवस्तू म्हटली की हात आपोआप खणाकडे जातो. (बाजारात "इरकल खण" म्हणून जे एका दमात सांगतात ते मुळात दोन जागचं. खण गुळेदगुड्डचा, चोळीचा, बारीक नक्षीचा. इरकल इलकलची, म्हणजे साडी, तिचा पदर निराळा. दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यातली, म्हणून नावं चिकटली असावीत.) आज बाजारातल्या खणात सूत कमी आणि आर्ट सिल्क किंवा पॉलिस्टर जास्त असतं. इथे पेस्टिंग फसतं. ते नीट चिकटायला साधारण 130 ते 150 अंश सेल्सिअस उष्णता लागते. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. एका ठिपक्यावर पेस्टिंग अर्धवट चिकटतं आणि महिन्याभरात फुगे धरतं. तीनवर पॉलिस्टरचा खण आकसतो, जरीचे धागे काळवंडतात, आणि इस्त्रीच्या बुडाला जे चिकटतं ते खरवडण्यात पुढचा रविवार जातो. मी घालवलाय.

खण नक्की कशाचा ते बघायला कडेचे चार धागे काढून काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मणी आला तर त्या कापडावर पेस्टिंग लावायच्या भानगडीत पडू नका.

मग करायचं काय? पेस्टिंग खणाला लावायचंच नाही, अस्तराला लावायचं. अस्तर टू बाय टू किंवा पॉपलिनचं, शुद्ध सुती, गरम इस्त्री सोसणारं. खण वरून नुसता नेसवल्यासारखा बसतो, त्याला ताप लागत नाही. हे सुचायला मला दोन पेट्या जाळाव्या लागल्या. सुती अस्तर आधी धुऊन, वाळवून घ्या. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि पेस्टिंग लावल्यावर आटलं तर पृष्ठभाग गोधडीसारखा सुरकुततो.

पेस्टिंग लावताना इस्त्री फिरवायची नाही. हाताला सवय फिरवायची असते, म्हणून हे परत सांगते. खरखरीत बाजू अस्तराच्या उलट्या बाजूवर ठेवा, वर ओलसर सुती फडकं, इस्त्री 10 ते 15 सेकंद दाबून धरा, उचला, शेजारी ठेवा. मधून सुरुवात करून कडांकडे जा. झाल्यावर लगेच उचलू नका, सपाट पडून गार होऊ द्या. गरम असताना वाकवलं तर तो वाक कायमचा बसतो. आणि पहिला प्रयोग नेहमी कात्रणावर.

बकरमला यातलं काही नाही. कापायचं आणि शिवायचं. पण ते मायेत, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या कडेत, घ्यायचं नाही. शिवणीत बकरम आलं की कोपरा चार थरांचा होतो, सुई मोडते, आणि उलटवल्यावर कोपऱ्याला आंब्याच्या कोयीसारखी गाठ येते.

माप सांगते. तळ 20 बाय 15, उंची 12 सें.मी., माया 1 सें.मी. बाहेरच्या कापडाचा एक तुकडा 46 बाय 41, अस्तराचाही तेवढाच. चारही कोपऱ्यांतून 12 बाय 12 चा चौकोन कापून टाका, अधिकाच्या चिन्हासारखा आकार उरतो. शेजारच्या दोन भिंती सुलट बाजू आत घेऊन जोडा, चार कोपऱ्यांना चार टिपा, बाहेरची पेटी तयार. अस्तराचंही तसंच. अस्तराचं कापड 36 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर एका मीटरमध्ये चार पेट्यांची अस्तरं निघतात: आडवी 41 च्या दोन, उभी 46 च्या दोन. खणाचा पन्हा कमी असतो, घ्यायच्या आधी टेप लावा. पुरत नसेल तर चार भिंतींना खण आणि तळाला जुन्या साडीचं जाड सूत. तळ कोण उलटून बघतंय?

बकरम वापरणार असाल तर पाच तुकडे: तळाला 19.5 बाय 14.5, दोन भिंतींना 19.5 बाय 11.5, दोन भिंतींना 14.5 बाय 11.5. हा अर्धा सेंटिमीटर कमी ठेवायचा कंजूषपणा मुद्दाम आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये जी फट राहते तिथेच पेटी दुमडते. कोपरे जोडायच्या आधी, अस्तर सपाट असतानाच, प्रत्येक तुकडा त्याच्या उलट्या बाजूला ठेवून कडेने एक टीप. 16 नंबरची सुई, टाका जरा लांब. पेस्टिंग मात्र अखंड अधिकाच्या आकारातच कापता येतं, फक्त कडेची माया सोडून. पातळ असल्याने ते घडीवर निमूट वाकतं. वेळेचा हिशेब केला तर बकरमची पेटी शिवायला सोपी, कापायला किचकट. पेस्टिंगचं उलट.

शेवटी अस्तराची पेटी बाहेरच्या पेटीत बसवा, दोघींच्या वरच्या माया आत दुमडून कडेने टीप मारा. पुठ्ठा घालणारेही असतात. दिसायला सुबक, पण पाण्याचा एक पेला सांडला की संपलं, त्यामुळे त्याच्यावर जास्त बोलत नाही.

आता मी पेटी शिवायच्या आधी ती कुठे जाणार ते विचारते. अथणी, रायबाग, गोकाककडे: बकरम, बिनधास्त. खानापूर, किंवा घाट उतरून गोव्याला कोणाकडे: सुती कापड आणि पेस्टिंगचे दोन थर, एक अस्तराला, एक बाहेरच्याला. बाहेर खणच हवा असेल तर दोन्ही थर अस्तरालाच, एक गार झाल्यावर त्यावर दुसरा. बेळगाव शहर मध्ये अडकलंय. इथे पावसाळ्यात कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, पण घरात कोरडी फडताळं असतात. कपाटात ठेवणार असतील तर बकरम चालतं, न्हाणीघराजवळ साबण-कंगव्यांसाठी असेल तर नाही. बाळंतिणीला देणार असाल, लंगोट-दुपट्यांसाठी, तर फक्त पेस्टिंग. ती पेटी आठवड्याला धुतली जाणार हे धरूनच चाला. बारशाला खणाचा मोह टाळून धुवट सुती कापड घ्या, आई दुवा देईल.

बकरमची पेटी देताना मी आत चिठ्ठी टाकते: धुऊ नये, ओलं फडकं लावू नये, पावसाळ्यात आत दोन-चार लवंगा टाकाव्यात. लवंगांनी ओल जात नाही, वास तेवढा बरा राहतो.

मावशीची बसलेली पेटी मी परत मागवली. वरची टीप उसवली, आतलं बकरम काढलं. ते ओल्या बिस्किटासारखं हातात आलं. खण शाबूत होता, नुसता झटकून उन्हात घातला. अस्तर धुऊन घेतलं, त्याला पेस्टिंगचे दोन थर दिले, परत शिवली आणि खानापूरच्या बसने पाठवली. ऑगस्टमध्ये फोन केला तेव्हा पेटी कशी आहे विचारलं. "उभी हाय," म्हणाली, "पण तेवढीच एक आणखी शिव की. हिच्यात मी काजू ठेवलेत, बांगड्या परत बाहेरच पडल्यात."