काळयंत्र, धोटा आणि १२ जानेवारी

सोलापुरातल्या एका शाळेत आठवीच्या मुलांना विचारलं, ‘काळयंत्र मिळालं तर काय कराल?’ एकानं लगेच हात वर केला. उद्याच्या मॅचचा निकाल बघून यायचं आणि पैज लावायची! मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘मी ११ जानेवारी १९३१ला येरवड्याला जाईन.’ दुसऱ्या दिवशी तिथे सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर गेले.

यंत्र एकच, पण एकाच्या हाती ते जुगाराचा अड्डा होतं, दुसरीच्या हाती तुरुंगाची किल्ली. कालप्रवासाच्या कथा मला आवडतात त्या याचसाठी.

पण असं यंत्र होईल का? पुढे जाणं शक्य आहे. कापड विणायच्या मागावर आडवा धागा घेऊन ये-जा करणारा धोटा आठवा. तो माग धावत्या रेल्वेत ठेवला आणि धोटा डब्यात आडवा धावू लागला, तर डब्यातल्या माणसाला त्याची वाट सरळ दिसेल, फलाटावरच्याला तिरकी, म्हणजे लांब. तरी वेळ तेवढाच लागतो, कारण धोट्याला गाडीचा वेग आयता मिळतो. आता धोट्याच्या जागी प्रकाशकिरण घ्या. त्याचा वेग गाडीमुळे वाढत नाही. फलाटावरूनही तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरच. वाट लांबली, वेग तोच, म्हणून फेरीला वेळ जास्त. किरणाची एक फेरी हा घड्याळाचा एक ठोका धरा: फलाटावरून पाहिलं तर डब्यातलं घड्याळ सावकाश चालतं आणि तिथल्या माणसाचं वयही सावकाश वाढतं. तो परतला की इतरांच्या भविष्यात पोचलेला असतो. आइन्स्टाइननं हे १९०५ मध्ये सापेक्षतावादात मांडलं. १९७१ मध्ये सिझियमची अतिशय अचूक अणुघड्याळं विमानानं जगप्रदक्षिणेला नेली. पूर्वेकडे गेलेली ५९ अब्जांश सेकंद मागे पडली. त्यात वेगाबरोबर गुरुत्वाकर्षणाचाही वाटा होता.

राजा ककुद्मी ब्रह्मलोकाहून परतला तोवर पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली, ही पुराणकथा सुंदरच आहे. पण ‘सापेक्षतावाद आपल्याकडे आधीच होता’ हा दावा खोटा आहे. कथेत गणित नाही, मोजमाप नाही.

मागे जाण्याचं काय? १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट गोडेलनं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून फिरणारं विश्व काढून दाखवलं. त्यात वाट वळून स्वतःच्याच भूतकाळात पोचते. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही.

हे ऐकून ती मुलगी हिरमुसली. तिला फळ्यावर दुसरं गणित करून दाखवलं: प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानं १० वर्षं फिरून आलीस, तर इथे १०० वर्षं झालेली असतील. तिनं आकडे वहीत उतरवले आणि विचारलं, ‘तेव्हा हिप्परगा तलावात पाणी असेल का?’