पेज बिल्डर असताना कस्टम फील्ड कशाला?

‘एलिमेंटर आहे की, मग एसीएफ कशाला टाकायचं?’ हा प्रश्न वर्डप्रेसवर साइट करणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा येतो की उत्तर छापून भिंतीवर लावावं. एलिमेंटर म्हणजे पेज बिल्डर, एसीएफ म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे कस्टम फील्डचं प्लगइन. या प्रश्नाचंच जुळं भावंड: ‘एसीएफ टाकलं, सगळी फील्ड भरली, पण साइटवर काहीच दिसत नाही. प्लगइन बिघडलंय.’ दोन्हींचं मूळ एकच आहे. दोन्ही प्लगइनं ‘कंटेंट बनवायला’ असतात, म्हणून एकाने दुसऱ्याचं काम भागेल असं धरलं जातं. प्रत्यक्षात पेज बिल्डर पान रचतो आणि कस्टम फील्डचं प्लगइन माहितीला कप्पे पाडून देतं.

पेज बिल्डर तुम्ही रोज वापरता. सेक्शन, कॉलम, विजेट, ओढा, सोडा. त्यावर शब्द खर्च करत नाही.

उदाहरण एका प्रकाशनसंस्थेच्या साइटचं घेऊ. ३०० पुस्तकं. प्रत्येकाचं नाव, लेखक, किंमत, पृष्ठसंख्या, आयएसबीएन, मुखपृष्ठ. नेहमीची पद्धत अशी: पहिल्या पुस्तकाचं पान पेज बिल्डरमध्ये छान रचायचं, मग ‘डुप्लिकेट’ दाबायचं, नाव-किंमत-चित्र बदलायचं, पुन्हा डुप्लिकेट. महिन्याभरात ३०० पानं तयार. साइट सुरू होते त्या दिवशी ही साइट आणि फील्ड वापरून केलेली साइट शेजारी शेजारी ठेवली तर कुणालाही फरक सांगता येणार नाही. घोटाळा इथेच होतो. फरक कळतो तो कागद महागून किमती बदलायची वेळ येते तेव्हा.

त्यासाठी डेटाबेसमध्ये एकदा डोकावून बघा. एलिमेंटर अख्ख्या पानाची रचना, म्हणजे सेक्शन, रंग, मार्जिन, मथळे, मजकूर, सगळं एका जेसन गठ्ठ्यात (माहिती मजकुराच्या रूपात बांधायची एक पद्धत) बांधतो आणि पोस्टमेटा, म्हणजे पानांची जादा माहिती ठेवणाऱ्या टेबलच्या एकाच ओळीत ठेवतो. किंमत त्या गठ्ठ्यात कुठेतरी आहे, पण ‘किंमत’ म्हणून नाही. एका टेक्स्ट विजेटमधला ‘किंमत : ₹ ३५०’ एवढाच मजकूर आहे. हे पुस्तक आहे आणि तो आकडा त्याची किंमत आहे, हे वर्डप्रेसला ठाऊकच नाही. त्यामुळे ‘५०० रुपयांच्या आतली पुस्तकं दाखव’, ‘किमतीप्रमाणे लाव’ किंवा ‘सगळ्यांची किंमत १० टक्के वाढव’ हे त्याला सांगायची सोयच नाही.

‘मग डेटाबेसमध्ये शोधा-बदला करू’ हा पुढचा विचार. मराठी साइटवर तोही फसतो. एलिमेंटर जेसन साठवतो तेव्हा देवनागरी अक्षरं अक्षरं म्हणून राहत नाहीत, त्यांचे युनिकोड संकेतांक लिहिले जातात. ‘क’च्या जागी ०९१५ हा संकेतांक, ‘म’च्या जागी ०९२ई. त्यामुळे पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस बघायच्या साधनात ‘किंमत’ शोधलंत तर त्या गठ्ठ्यात एकही सापडत नाही आणि माणूस डेटा उडाला म्हणून घाबरतो. डेटा जागेवर आहे, वेगळ्या वेशात आहे.

आता फील्डची बाजू. एसीएफमध्ये ‘किंमत’ नावाचं नंबर फील्ड केलं की प्रत्येक पुस्तकामागे पोस्टमेटात दोन ओळी पडतात: एकीत आकडा, दुसरीत तो कुठल्या फील्डचा आहे याची खूण. आकडा सुटा, स्वतःच्या नावाने. मग तो पुस्तकाच्या पानावर दाखवा, यादीत दाखवा, ‘नवी पुस्तकं’च्या पट्टीत दाखवा, बदलायचा एकाच जागी. ३०० किमती एक्सेलमधून सीएसव्ही काढून आयात करता येतात, किंवा डब्ल्यूपी-सीएलआयच्या (वर्डप्रेसला आज्ञा टाइप करून द्यायचं साधन) आज्ञेने एकदम बदलता येतात.

‘पण मी टेम्प्लेट केलंय ना’ हा यावरचा ठरलेला बचाव. ‘टेम्प्लेट’ या एका शब्दाने जेवढा गोंधळ घातलाय तेवढा बाकी सगळ्या शब्दांनी मिळून घातला नसेल. लायब्ररीत सेव्ह केलेलं टेम्प्लेट पानात ‘इन्सर्ट’ केलं की त्याची झेरॉक्स पडते. मूळ टेम्प्लेटमध्ये नंतर किमतीचा रंग बदललात तर आधीच्या ३०० झेरॉक्स तशाच राहतात. एलिमेंटर प्रोच्या थीम बिल्डरमधलं ‘सिंगल’ टेम्प्लेट ही वेगळीच चीज आहे. ते एकच असतं, कुठल्याही पुस्तकाचं पान उघडलं की तेच वापरलं जातं आणि त्यातल्या मोकळ्या जागा त्या-त्या पुस्तकाच्या फील्डमधून भरल्या जातात. त्या मोकळ्या जागा म्हणजे डायनॅमिक टॅग. फील्डच नसतील तर टॅगने आणायचं काय? म्हणून थीम बिल्डरचा खरा उपयोग फील्ड असतील तरच होतो. दोन्ही प्लगइनं एकत्र वापरायची ती अशी.

‘साइटवर काहीच दिसत नाही’चंही उत्तर यातच आलं. फील्ड भरणं म्हणजे वहीत नोंद करणं. ती नोंद पानावर कुठे दाखवायची हे कुणीतरी सांगावं लागतं: थीमच्या फाइलमध्ये गेट-फील्ड हे एसीएफचं फंक्शन लिहून, पेज बिल्डरच्या डायनॅमिक टॅगने, किंवा वर्डप्रेस ६.५ पासून आलेल्या ब्लॉक बाइंडिंग्जने, म्हणजे ब्लॉकला फील्ड जोडून. प्लगइन बिघडलेलं नसतं. अर्धं काम बाकी असतं.

पेज बिल्डर कुठे घ्यावा? साइटचं पहिलं पान, ‘आमच्याविषयी’, संपर्क, एखाद्या प्रकाशन समारंभाचं पान. एकुलती एक, मन मानेल तशी रचायची पानं. तिथे कस्टम फील्ड लावणं हा शुद्ध अतिरेक. माझा निकष सोपा आहे: त्याच जातीच्या दहाहून जास्त नोंदी होणार असतील, किंवा एकच माहिती दोन ठिकाणी दिसणार असेल, तर फील्ड. यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

आता करायचं कसं. एसीएफ ६.१ पासून पोस्ट टाइपही (नोंदींचा स्वतंत्र प्रकार) त्यातच करता येतो, वेगळं प्लगइन लागत नाही. ‘पुस्तक’ हा पोस्ट टाइप करा. त्याची ‘की’, म्हणजे आतलं नाव, रोमन लिपीत, लहान अक्षरांत, २० अक्षरांच्या आत आणि पुढे संस्थेचं छोटं उपपद लावून ठेवा, म्हणजे दुसऱ्या प्लगइनशी टक्कर होत नाही. लेबल खुशाल मराठीत ठेवा. आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या पुस्तकांच्या यादीचं पान, चालू करा. मग सेटिंग्ज–पर्मालिंक्समध्ये जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबा. पुस्तकांच्या पानांवर ४०४ येत असेल तर बहुतेकदा हेच राहिलेलं असतं. त्यानंतर फील्ड ग्रुप करा आणि लोकेशनच्या नियमात ‘पोस्ट टाइप = पुस्तक’ निवडा.

फील्डचा प्रकार घाईत निवडू नका. किंमत नेहमी नंबर. टेक्स्ट ठेवलं की कुणी ‘₹३५०/-’ लिहितं, कुणी ‘साडेतीनशे’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुणी देवनागरी अंकांत ‘१२००’ लिहितं. मराठी माणसाने मराठी अंक लिहिले यात चूक काहीच नाही, पण मायएसक्यूएल आकड्यात रूपांतर करताना देवनागरी ‘१२००’चा शून्य करतो. स्वल्पविराम घालून इंग्रजी अंकांत लिहिलेल्या ‘1,20,000’चा होतो एक. सर्वांत महाग ग्रंथसंच ‘स्वस्त ते महाग’ यादीत पहिला येतो तो असा. साठवताना इंग्रजी अंक, स्वल्पविराम नाही, चिन्ह नाही; दाखवताना पीएचपीच्या नंबर-फॉरमॅटरला मराठी लोकेल द्या, तो ‘१,२०,०००’ असं आपल्या पद्धतीने, देवनागरीत छापतो. यादी लावताना तुलना अंकांची आहे हेही क्वेरीत सांगा. नाहीतर ती अक्षरांची होते आणि ‘स्वस्त ते महाग’ यादीत ९० रुपयांचं पुस्तक ३५० च्या नंतर जातं.

आयएसबीएन मात्र टेक्स्टच. तो आकड्यांसारखा दिसतो एवढंच. जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी कधी ‘एक्स’ असतो, सुरुवातीला शून्य असू शकतं आणि भारतातल्या ९७८-८१, ९७८-९३ मधल्या जोडरेघा लोकांना दिसायला हव्या असतात. मुखपृष्ठाचं फील्ड यूआरएल परत देईल असं ठेवू नका, आयडी देईल असं ठेवा, म्हणजे यादीत लहान आणि पानावर मोठं चित्र वर्डप्रेस स्वतः निवडतो.

‘लेखक’ हे टेक्स्ट फील्ड करणं ही हमखास चूक. तीन महिन्यांत एकच लेखक चार प्रकारे लिहिलेला आढळतो: आद्याक्षरांनंतर जागा सोडून, न सोडता, टिंबांविना, पूर्ण नावाने. ज्या गोष्टीवर क्लिक करून यादी उघडायला हवी, ती टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी. कादंबरी, बालसाहित्य, चरित्र हे टॅक्सॉनॉमी. लेखकाला फोटो, परिचय, स्वतःचं पान हवं असेल तर ‘लेखक’ हा वेगळा पोस्ट टाइप आणि पुस्तकाकडून त्याच्याशी रिलेशनशिप (एका नोंदीला दुसरी जोडणारं फील्ड). नुसती यादी पुरत असेल तर तोही टॅक्सॉनॉमी. किंमत, पृष्ठसंख्या यांच्यावर कुणी क्लिक करत नाही, ती फील्ड.

रिपीटर, म्हणजे हव्या तितक्या ओळी वाढवता येणारं फील्ड, बघून हात शिवशिवतात, ते आवरा. वर्षभराचे सगळे कार्यक्रम एकाच पानाच्या रिपीटरमध्ये कोंबणारे भेटतात. २० कार्यक्रम, प्रत्येकी ४ उपफील्ड: ८० नोंदी, प्रत्येकीच्या दोन ओळी म्हणजे १६०, वर मूळ फील्डच्या २. ओळींचं ओझं वर्डप्रेस सोसतो, पण ‘पुढचे तीन कार्यक्रम दाखव’ म्हटलं की अडतं, कारण प्रत्येक तारखेच्या नावात ओळीचा क्रमांक चिकटलेला असतो. कार्यक्रम हा पोस्ट टाइप करा. रिपीटर फक्त त्या एका पुस्तकापुरत्या गोष्टींना, उदाहरणार्थ अनुक्रमणिकेला.

३०० पुस्तकं भरायला बसण्याआधी पाचच भरा, आणि ती मुद्दाम वाकडी निवडा: दोन लेखकांचं एक, अनुवादित एक, संच एक, अप्राप्य झालेलं एक, किंमत न ठरलेलं एक. फील्ड कमी पडतात ते इथे कळतं. कारण नंतर फील्डचं लेबल कितीही वेळा बदला, पण नाव बदललंत की जुना डेटा जुन्या नावाखाली पडून राहतो आणि पुस्तकांत रकाना रिकामा दिसतो. प्रकार बदलतानाही तेच, टेक्स्टमधल्या लेखकाचं रिलेशनशिप आपोआप होत नाही.

फील्डची एक उणीव मान्य करायला हवी. वर्डप्रेसचा नेहमीचा शोध शीर्षक, सारांश आणि मुख्य मजकूर एवढंच चाळतो. फील्डमधलं त्याला दिसत नाही. आयएसबीएन टाकून पुस्तक सापडायला हवं असेल तर रेलेव्हान्सीसारखं प्लगइन लावावं लागतं. एलिमेंटर मात्र पानाचा साधा मजकूर मुख्य मजकुराच्या जागीही ठेवतो, त्यामुळे तिथे शोध चालतो.

प्लगइन बंद केलं तर काय उरतं, हेही बघूनच निवडा. एलिमेंटर बंद केला तर रचना जाते, मजकूर उरतो. डब्ल्यूपीबेकरी या दुसऱ्या पेज बिल्डरची पानं मात्र चौकटी कंसातल्या शॉर्टकोडनी भरून जातात. ती साफ करण्यापेक्षा पान नव्याने लिहिणं परवडतं. एसीएफ बंद केलं तर डेटा जागेवर राहतो, पण थीममधला गेट-फील्ड सापडत नाही म्हणून अख्खं पान कोसळू शकतं, आणि त्यातच नोंदवलेला पोस्ट टाइप ॲडमिनमधून गायब होतो. म्हणून पोस्ट टाइपची नोंदणी एका छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये ठेवलेली बरी. थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये तर कधीच नाही! दिवाळीत थीम बदलायची आणि ‘पुस्तकं कुठे गेली’ म्हणून फोन करत सुटायचं, हे टाळता येण्यासारखं आहे.

राहता राहिला प्रश्न कस्टम फील्डचं प्लगइन कुठलं घ्यायचं: एसीएफ, मेटा बॉक्स की पॉड्स. यावर लोक तासन्‌तास घालवतात, पण इतकं अडत नाही. मदत सहज मिळते म्हणून एसीएफ. हजारो नोंदींवर किमतीने, तारखेने सतत गाळणी लावायची असेल तर स्वतःचं टेबल देणारं मेटा बॉक्सचं सशुल्क एक्स्टेन्शन किंवा पॉड्स, कारण पोस्टमेटात फील्डचा मजकूर ज्या रकान्यात असतो त्याला इंडेक्स नसतो. वर्डप्रेसचे संस्थापक आणि एसीएफची मालक कंपनी डब्ल्यूपी इंजिन यांच्या भांडणातून २०२४च्या ऑक्टोबरात निघालेली ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ नावाची एसीएफचीच फांदीही मिळते. दोन्हींत फील्ड सारखीच साठतात, तेव्हा हवं ते घ्या, फक्त एकाच साइटवर दोन्ही एकदम चालू ठेवू नका.